घर राखणारी मुले

चिनी भाषेत 'ल्यूशौ' असा एक जुना शब्द आहे. मागे राहून राखण करणे, हा त्याचा अर्थ. तांग आणि सोंग राजवटींच्या काळात सम्राट राजधानी सोडून दूर गेला की मागे राजधानी सांभाळायला एक बडा अधिकारी नेमला जाई. त्याच्या पदाचे नाव 'ल्यूशौ'. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हा भारदस्त शब्द चीनच्या खेड्यापाड्यांतल्या लहान मुलांना येऊन चिकटला आहे. आईबाप दूरच्या शहरात कारखान्यात नाहीतर बांधकामावर, आणि मूल गावी आजीजवळ. सरकारी कागदांत त्याला 'ल्यूशौ अरथोंग' म्हणतात, म्हणजे राखणीला मागे राहिलेले मूल. आपल्याकडे राखणदार म्हटले की गावाची सीमा सांभाळणारा देवचार आठवतो, ज्याला वर्षाकाठी रोट वाहिला जातो. इथे राखणदार सात वर्षांचा, आणि त्याला वर्षाकाठी काय मिळते, तर चिनी नववर्षाला आठ-दहा दिवस घरी आलेले आईबाप.

अशी मुले चीनमध्ये किती? मे २०१३ मध्ये तिथल्या अखिल चीन महिला महासंघाने २०१० च्या जनगणनेवरून हिशोब मांडला. आकडा आला ६ कोटी १० लाख. देशातल्या दर पाच मुलांमागे एकाहून अधिक. त्यांपैकी २० लाखांवर मुले अगदी एकटी राहत होती. पुढे नोव्हेंबर २०१६ मध्ये नागरी व्यवहार मंत्रालयाने नवी मोजणी जाहीर केली. आकडा आला ९० लाख २० हजार. साडेतीन वर्षांच्या अंतराने पाच कोटींहून अधिक मुले यादीतून नाहीशी झाली. ती काही रातोरात आईबापांकडे पोचली नव्हती. मधल्या काळात काय बदलले हे पुढे येईलच. पण ते समजायला आधी थोडे मागे, १९५० च्या दशकात जावे लागते.

त्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो. बाप दूर आणि मूल घरी ही स्थिती गोमंतकीय वाचकाला नवी नाही. बोटीवर गेलेल्या तारवट्यांची, आफ्रिकेत नशीब काढायला गेलेल्यांची, मुंबईत गावोगावच्या कुडींत राहून नोकरी धरणाऱ्यांची मुले आपल्या कित्येक वाड्यांवर आईच्या नाहीतर आजीच्या हाताखाली वाढली. मनीऑर्डरीवर घरे उभी राहिली, बाप फोटोत राहिला. त्याचे दुःख खोटे नाही. पण बाप आणि मूल यांच्या मधे तिथे समुद्र होता, पगाराची तंगी होती, बोटीचा नियम होता. मुंबईतल्या कारकुनाने पोराला गिरगावातल्या शाळेत घालायचे ठरवले तर खोलीचे भाडे आडवे येई, तो गोव्यात जन्मला म्हणून शाळा त्याला परत पाठवत नसे. चीनमध्ये आईबाप आणि मूल यांच्यामधले अंतर मुख्यतः कागदाने आखलेले आहे, आणि तो कागद सरकारचा आहे. म्हणून तिथल्या मागे राहिलेल्या मुलांचा इतिहास हा बराचसा सरकारी धोरणाचा इतिहास होतो.

त्या कागदाचे नाव हुकोऊ. कुटुंबनोंदणीचे पुस्तक. घरोघर नोंदी ठेवण्याची चाल चीनमध्ये शतकानुशतके होती, कर आणि सैन्यभरती यांसाठी. पण आजचा हुकोऊ हे कम्युनिस्ट राजवटीचे अपत्य. गंमत म्हणजे १९५४ च्या राज्यघटनेने नागरिकाला राहण्याचे ठिकाण निवडण्याचे आणि बदलण्याचे स्वातंत्र्य दिलेले होते. चारच वर्षांनी, ९ जानेवारी १९५८ रोजी, हुकोऊचे विनियम आले आणि त्यांच्या दहाव्या कलमाने हे स्वातंत्र्य व्यवहारात काढून घेतले. खेड्यातल्या माणसाला शहरात राहायला जायचे तर शहरातल्या कामगार खात्याचा नोकरीचा दाखला, किंवा शाळेच्या प्रवेशाचा दाखला, किंवा शहराच्या नोंदणी कार्यालयाची परवानगी, यांपैकी एक हवे. घटनेतले कलम तसेच राहिले. १९७५ च्या घटनेत ते मुकाट्याने वगळले गेले आणि नंतरच्या घटनेतही परतले नाही.

असे का केले? अवजड उद्योग झपाट्याने उभारायचे होते. त्यासाठी शेतकऱ्याकडून धान्य स्वस्तात घ्यायचे आणि शहरातल्या कामगाराला स्वस्तात पुरवायचे, असा सरकारचा हिशोब होता. हा हिशोब चालायचा तर शहरात खाणारी तोंडे मोजकी हवीत. म्हणून माणसांचे दोन वर्ग झाले, 'शेती' हुकोऊवाले आणि 'बिगरशेती' हुकोऊवाले. दुसऱ्या वर्गाला रेशनची कुपने, घर, दवाखाना, शाळा, निवृत्तिवेतन. पहिल्याला त्याची जमीन, तीही सामुदायिक. १९५९ ते १९६१ च्या भीषण दुष्काळात माणसे मेली ती मुख्यतः खेड्यांत, म्हणजे धान्य पिकवणाऱ्या वर्गातली. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत सुमारे २ कोटी शहरवासीयांना सरकारने परत खेड्यांत धाडले. नोंदणीचा कागद हाताशी असल्यामुळेच एवढी माणसे इतक्या सहज हलवता आली.

आणखी एक बारीक नियम इथे महत्त्वाचा आहे. मुलाला हुकोऊ मिळे तो आईचा. बाप शहरी कारखान्यात पक्का नोकर असला आणि बायको खेड्यातली असली, तर मूल जन्मतः खेड्याचे. बापाचा हुकोऊ घेण्याची मुभा १९९८ मध्ये मिळाली. म्हणजे स्थलांतराची लाट येण्याच्या कितीतरी आधीपासून कागदाने कुटुंबाचे दोन तुकडे करण्याची सवय व्यवस्थेला होती.

१९७८ नंतर आर्थिक सुधारणा आल्या. शेतीचे तुकडे घरोघर वाटून दिल्यावर लक्षात आले की गावात हात जास्त आणि जमीन कमी आहे. ऑक्टोबर १९८४ मध्ये सरकारने शेतकऱ्यांना छोट्या बाजारगावांत जाऊन धंदा करायची परवानगी दिली, पण एका अटीवर. धान्य आपले आपण आणायचे, शहरी रेशनवर हक्क सांगायचा नाही. ही अट मला फार बोलकी वाटते. काम करायला या, जेवायला मात्र घरून डबा आणा, असाच तिचा सूर आहे. पुढच्याच वर्षी मोठ्या शहरांसाठी तात्पुरत्या वास्तव्याच्या परवान्याची पद्धत आली. शेनझेन, डोंगग्वान, ग्वांगझू इथले कारखाने सिचुआन, हुनान, आन्हुई, ग्वेइचौ या प्रांतांतल्या तरुणांनी भरून गेले. कारखान्याला लागूनच निवासाच्या खोल्या, एका खोलीत आठ-दहा खाटा. मालकाला हे सोयीचे, कामगार चोवीस तास हाताशी. पण खाटेवर माणूस मावतो, संसार मावत नाही. आज चीनमध्ये खेड्याचा हुकोऊ घेऊन बिगरशेती काम करणारे असे कामगार जवळपास ३० कोटी आहेत. चीनची जी आर्थिक भरारी आपण वाखाणतो ती यांच्या खांद्यावर झाली.

आता मुलांकडे येऊ. १९८६ च्या कायद्याने नऊ वर्षांचे शिक्षण सक्तीचे केले, पण ते देण्याची जबाबदारी टाकली मुलाची नोंदणी जिथे आहे तिथल्या स्थानिक सरकारवर. मूल आईबापांबरोबर शहरात आले तर ते शहरी शाळेच्या हिशोबात कुठेच बसत नसे. त्याला 'उसनवारीने शिकणारा' म्हणत आणि त्याबद्दल वेगळी फी घेत. कामगाराच्या पगारात ती न परवडणारी.

याच काळातला एक सरकारी दस्तऐवज या सगळ्या कहाणीच्या मध्यभागी ठेवावा असा आहे. मार्च १९९८ मध्ये राज्य शिक्षण आयोग आणि सार्वजनिक सुरक्षा मंत्रालय, म्हणजे पोलीस खाते, या दोघांनी मिळून फिरत्या मुलांच्या शिक्षणाबद्दल तात्पुरते नियम काढले. शिक्षणाच्या नियमावर पोलीस खात्याची सही असावी, याचेही आश्चर्य वाटू नये, कारण हुकोऊ हे खाते पोलिसांचेच. त्या नियमांचे तिसरे कलम असे सांगते की मुलाची नोंदणी जिथे आहे तिथल्या सरकारने शाळेच्या वयाच्या मुलांच्या बाहेर जाण्यावर कडक नियंत्रण ठेवावे. गावी सांभाळ करणारे कुणी असेल तर मुलाने गावीच शिकावे. गावी सांभाळायची सोयच नसेल तरच त्याला आईबाप जिथे काम करतात तिथे शिकता येईल.

हे कलम पुन्हा एकदा सावकाश वाचावे असे आहे. आजी जिवंत असेल तर मूल गावीच राहील, असा त्याचा सरळ अर्थ होतो. आईबापांना मूल जवळ हवे आहे की नाही, मुलाला काय हवे आहे, हा प्रश्न कलमात उद्भवतच नाही. पुढच्या पंचवीस वर्षांत चिनी वृत्तपत्रांनी, विद्यापीठांनी, मंत्रालयांनी या मुलांबद्दल जो कळवळा व्यक्त केला तो खोटा होता असे मी म्हणणार नाही. पण मूल मागे राहते ते आईबापांच्या अज्ञानाने किंवा पैशाच्या लोभाने, असा जो सूर त्या कळवळ्यात वारंवार लागतो, तो ऐकताना १९९८ चे हे कलम शेजारी ठेवावे.

हे कलम कागदावरच राहिले असेही नाही. बीजिंगमध्ये बाहेरच्या मुलाला सरकारी शाळेत घालायचे तर पाच दाखले लागत. तात्पुरत्या वास्तव्याचा परवाना, राहत्या जागेचा पुरावा, नोकरीचा पुरावा, कुटुंबाचे नोंदणी-पुस्तक, आणि पाचवा दाखला गावच्या सरकारचा, की या मुलाला गावी सांभाळणारे कुणी नाही. बांधकामावरच्या मजुराला लेखी करारच नसतो तर नोकरीचा पुरावा कुठून येणार? भाड्याची खोली तळघरात, मालक पावती देत नाही. आणि पाचव्या दाखल्यासाठी हजार मैलांवरच्या गावी जाऊन, आपले म्हातारे आईबाप नातवंडाला सांभाळायला असमर्थ आहेत असे अधिकाऱ्याकडून लिहून आणायचे. दाखल्यांसाठी खेटे घालणे आपल्यालाही नवे नाही, पण असला दाखला आपल्याकडेही कुणी मागितल्याचे ऐकिवात नाही.

मग मजुरांनी आपल्या शाळा काढल्या. बीजिंगच्या कडेकडेने, भाज्यांच्या मळ्यांत, पत्र्याच्या शेडमध्ये. पगार तुटपुंजा, शिक्षक अर्धवट शिकलेले, पण मूल रात्री घरी आईजवळ. २०११ च्या उन्हाळ्यात शहराच्या तीन जिल्ह्यांत अशा सुमारे दोन डझन शाळा सुरक्षिततेच्या कारणावरून बंद करण्यात आल्या किंवा पाडण्यात आल्या. त्यांत सुमारे १४ हजार मुले शिकत होती. इमारती धोकादायक नव्हत्या असे नाही. पण त्या पाडल्या की ही मुले कुठे जातील याचे उत्तर शहराला ठाऊक होते.

धोरण मऊ झालेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मार्च २००३ मध्ये ग्वांगझूमध्ये सुन झिगांग या २७ वर्षांच्या तरुणाला परवाना जवळ नाही म्हणून पकडले गेले आणि कोठडीत मारहाणीत त्याचा मृत्यू झाला. तो शिकलेला होता, त्यामुळे गाजावाजा झाला, आणि परवाना नसलेल्याला पकडून गावी धाडण्याचे १९८२ पासूनचे नियम त्याच वर्षी रद्द झाले. शिक्षणाबाबत मे २००१ मध्ये मंत्रिपरिषदेने उलट दिशेचे वळण घेतले. फिरत्या मुलांच्या शिक्षणाची मुख्य जबाबदारी आता शहराची, आणि ती मुख्यतः सरकारी शाळांतून पार पाडायची. २००६ च्या सुधारित कायद्यात हे तत्त्व आले, उसनवारीची फी २००९ पासून बंद झाली, आणि २०१५ च्या अखेरीस दर मुलामागचा चालू खर्चाचा केंद्रीय पैसा मुलाबरोबर शहरात जाईल असेही ठरले. शिक्षकांचे पगार आणि इमारती मात्र शहराच्याच माथी राहिल्या, त्यामुळे महापौरांचा उत्साह बेताचाच. आणि सर्वांत वर अडसर उरला तो विद्यापीठ प्रवेशाच्या परीक्षेचा, गावकावचा. ती परीक्षा हुकोऊच्या प्रांतात द्यायची. प्रांताप्रांताचे अभ्यासक्रम, पुस्तके वेगळी. म्हणून शहरात कसाबसा आठवीपर्यंत पोचलेला मुलगाही तेराव्या-चौदाव्या वर्षी गावी परतू लागला. लहानपणी जवळ आणि नेमका वाढत्या वयात दूर, अशी ही मागे राहिलेल्यांची दुसरी पिढी.

आता ज्या गावात मूल राहिले त्या गावाकडे बघू. मे २००१ च्या ज्या निर्णयाने शहरांना मुले घ्या म्हणून सांगितले, त्याच निर्णयात, लागून पुढच्याच कलमात, खेड्यांतल्या शाळांची फेररचना करा असे सांगितले होते. फेररचना म्हणजे छोट्या शाळा बंद करून तालुक्याच्या गावी मोठ्या शाळा करणे. मुले कमी झाली होती, खर्च वाचत होता, स्थानिक अधिकाऱ्यांनी ते काम मोठ्या हिरिरीने केले. बीजिंगच्या एकविसावे शतक शिक्षण संशोधन संस्थेच्या हिशोबाप्रमाणे २००० ते २०१० या दहा वर्षांत दर तासाला खेड्यातल्या चार शाळा नाहीशा झाल्या. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने हे थांबवले तोवर बहुतेक काम उरकले होते.

आजी गावात, शाळा दहा-पंधरा किलोमीटर डोंगरापलीकडे. म्हणजे मूल आता आजीजवळही नाही. सहा-सात वर्षांची पोरे वसतिगृहात राहू लागली. २००४ पासून केंद्राने पश्चिमेकडच्या प्रांतांत वसतिशाळा बांधायला १ हजार कोटी युआन दिले. खोल्या झाल्या, पण सांभाळणारी माणसे फारशी नेमली गेली नाहीत. दिवसा शिकवणारा शिक्षकच रात्री खोल्यांचा पहारेकरी. पोरे घरून आठवड्याचा तांदूळ आणि सोयाबीन नाहीतर खारवलेली भाजी घेऊन येत. २०११ च्या अखेरीस सरकारने ६८० गरीब तालुक्यांतल्या सुमारे २ कोटी ६० लाख मुलांना दिवसाला माणशी ३ युआनचे जेवण देणे सुरू केले. पुढे ते ४ आणि २०२१ मध्ये ५ युआन झाले. सगळ्या धोरणांत मला हे सर्वांत प्रामाणिक वाटते. यात मुलाची व्याख्या नाही, दाखला नाही, शाळेत आला त्याला ताट आहे. आपल्याकडच्या मध्यान्ह भोजनाशी त्याचे नाते उघड आहे, आणि ते आपल्याकडे आधी होते हे अभिमानाने सांगायला हरकत नाही.

ग्वेइचौ हा चीनचा डोंगराळ, गरीब प्रांत. त्यातला बीजिये हा भाग तर १९८८ पासून गरिबी हटवण्याचा खास प्रयोग म्हणून केंद्राच्या नजरेखाली होता. नोव्हेंबर २०१२ मध्ये तिथे नऊ ते तेरा वर्षांची पाच मुले रस्त्यावरच्या कचऱ्याच्या मोठ्या पेटीत मृत सापडली. एकमेकांची सख्खी आणि चुलत भावंडे. थंडी आणि पाऊस, म्हणून पेटीत शिरून त्यांनी कोळसा पेटवला होता. धुराने गुदमरली. काही अधिकारी आणि मुख्याध्यापक घरी बसवले गेले, आणि मागे राहिलेल्या मुलांसाठी वर्षाला ६ कोटी युआनचा निधी जाहीर झाला. जून २०१५ मध्ये त्याच बीजियेत पाच ते तेरा वर्षांची चार भावंडे, एक मुलगा आणि तीन मुली, घरात एकटी असताना कीटकनाशकाने दगावली. आईबाप दोघेही दूर. आजी-आजोबांच्या दोन जोड्या, एकतर गेलेल्या नाहीतर थकलेल्या. निधीचे काय झाले, हा प्रश्न चिनी वृत्तपत्रांनीच विचारला.

त्यानंतर सूत्रे हलली. फेब्रुवारी २०१६ मध्ये मंत्रिपरिषदेने खास या मुलांसाठी पहिला सर्वांगीण आदेश काढला. सोळा वर्षांखालच्या मुलाला एकटे राहू द्यायचे नाही. शिक्षक, डॉक्टर, गावसमिती यांनी धोका दिसताच कळवणे सक्तीचे. आईबापांनी शक्यतो मूल बरोबर न्यावे किंवा दोघांपैकी एकाने मागे राहावे. आणि याच आदेशात नवी व्याख्या आली. पूर्वी अठरा वर्षांखालचे, आईबापांपैकी कुणीही एक बाहेरगावी असलेले मूल मागे राहिलेले गणले जाई. आता वय सोळाखाली, आणि दोघेही बाहेर हवेत, किंवा एक बाहेर आणि उरलेला सांभाळायला असमर्थ. सुरुवातीला म्हटलेली पाच कोटी मुले या व्याख्येच्या फटीतून गेली.

नव्या व्याख्येच्या बाजूनेही बोलता येते. पैसा आणि माणसे मोजकी असताना ज्यांचे हाल सर्वांत जास्त त्यांच्याकडे आधी बघावे, हे शहाणपणाचे. त्या मोजणीतूनच कळले की ९० लाखांपैकी ८० लाख ५० हजार मुले आजी-आजोबांकडे आहेत आणि ३ लाख ६० हजारांना कुणीच नाही. ही नावनिशीवार यादी होती, जनगणनेचा अंदाज नव्हता. तिचा उपयोग झाला. पण यादीचे एक असते, ती आटली की प्रश्न आटला असे वाटू लागते. २०१८ मध्ये आकडा ६९ लाख ७० हजारांवर आला आणि घट म्हणून जाहीर झाला. २०२० च्या जनगणनेवरून जुन्या, रुंद पद्धतीने हिशोब झाला तेव्हा खेड्यांत मागे राहिलेली मुले ४ कोटी १७ लाख निघाली. आई तीन वर्षे ग्वांगडोंगमध्ये आणि बाप गावी, अशा घरातली सहा वर्षांची मुलगी एका यादीत आहे, दुसऱ्यात नाही. तिला मात्र आई दोन्ही यादींत सारखीच दूर.

कायद्याचा रोख त्यानंतर अधिकाधिक आईबापांकडे वळला. १ जून २०२१ पासून लागू झालेल्या अल्पवयीन संरक्षण कायद्यात असे आहे की बाहेरगावी जाणाऱ्या आईबापांनी मूल कुणाकडे सोपवले ते शाळेला आणि गावसमितीला लेखी कळवावे, सोपवण्यापूर्वी मुलाचे मत घ्यावे, आणि आठवड्यातून किमान एकदा मुलाशी संपर्क साधावा. मुलाचे मत घ्यावे, हे १९९८ च्या तुलनेत मोठेच पाऊल. पण आठवड्याला एक फोन हा कायद्याचा विषय व्हावा, ही कुटुंबाच्या जवळिकीची जी किमान पातळी ठरली, तिच्यावर वेगळे भाष्य नको.

काही चांगलेही घडले. २०१० मध्ये युनिसेफच्या मदतीने पाच प्रांतांतल्या १२० गावांत एक प्रयोग झाला. गावातलीच एक बाई किंवा बाप्या निवडून, थोडे प्रशिक्षण आणि थोडे मानधन देऊन, मुलांची चौकशी करण्याचे काम द्यायचे. माओच्या काळातल्या 'अनवाणी डॉक्टरां'च्या नावावरून त्यांना 'अनवाणी समाजसेवक' म्हणत. जन्मनोंद राहिलेली, लस चुकलेली, शाळेतून गळालेली मुले त्यांनी हुडकली. २०१९ पासून हीच कल्पना 'बालसंचालक' म्हणून देशभर आली आणि सहा लाखांहून अधिक माणसे नेमली गेली. अनेक ठिकाणी हे काम गावसमितीच्या आधीच दमलेल्या सदस्याच्या गळ्यात पडले, हा भाग वेगळा. तरी दारात येऊन विचारणारे माणूस आहे, हे निधीच्या घोषणेपेक्षा कधीही बरे.

हे वाचताना मराठी माणसाला बीड आठवल्याशिवाय राहणार नाही. ऊसतोडणीचा हंगाम लागला की कोयते निघतात, कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, आणि पाच-सहा महिने गाव म्हाताऱ्यांचे होते. मूल बरोबर नेले तर शाळा बुडते, ठेवले तर आजीच्या माथी. महाराष्ट्राने दोन्ही वाटा चालून पाहिल्या. आधी साखरशाळा, म्हणजे मुलाच्या मागून शाळा फडापर्यंत नेणे. पुढे भर आला हंगामी वसतिगृहांवर, म्हणजे मुलाला गावात थांबवणे. जून २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची संत भगवानबाबा योजना मंजूर केली. चीनशी याची तुलना एका मर्यादेपर्यंतच चालते. आपल्या मुलाला कुठल्याही जिल्ह्यातल्या शाळेत जाण्याचा हक्क कायद्याने आहे, परभणीचा म्हणून सांगलीची शाळा त्याला नाकारू शकत नाही. पण उसाच्या फडातल्या कोपीत राहून, पहाटे चारला आईबापांमागे उठून, तो हक्क कसा बजावायचा? तिथे कागद आडवा येतो, इथे कोपी. आणि दोन्हीकडे सरकारला सोपे वाटलेले उत्तर एकच, मूल गावी ठेवा.

जुलै २०१४ मध्ये चीनने शेती आणि बिगरशेती हुकोऊ हा भेद नावापुरता रद्द केला. लहान शहरांची दारे उघडली. पन्नास लाखांहून मोठ्या शहरांना मात्र आपले दार किती उघडायचे ते ठरवण्याची मुभा राहिली, आणि कामे तर मुख्यतः त्याच शहरांत. तिथे गुणांची पद्धत आहे. पदवी, घर, वय, भरलेला विमा यांचे गुण. बांधकामावरच्या गवंड्याचे गुण भरत नाहीत. आईबापांबरोबर शहरात गेलेल्या मुलांसाठी केंद्राची पहिली स्वतंत्र कृतियोजना ऑक्टोबर २०२४ मध्ये आली, मागे राहिलेल्यांसाठीच्या आदेशानंतर आठ वर्षांनी. तीत या मुलांची नावनिशीवार यादी करा असे सांगितले आहे, आणि त्यांना मिळायच्या सेवांचा एक तक्ता जोडला आहे. बीजिंगमध्ये त्या वर्षीही, तिथेच जन्मून तिथेच शिकलेल्या पण बाहेरचा हुकोऊ असलेल्या गवंड्याच्या मुलाला गावकावची मुख्य परीक्षा देता येत नव्हती.